पाळण्याभोंवतींचे तंटे

मूल झालें म्हणजे संसाराची गांठ घट्ट बसते, अशी समजूत आहे. आमच्या मोरिवलींत मात्र पाळणा हलूं लागला कीं कित्येक घरांत शब्दाला शब्द लागूं लागतो. आम्ही उभयतांही त्यास अपवाद नव्हतों. पहांटेची मुंबईची लोकल गांठावयाची म्हणून एकानें निजावें व दुसरीनें जागावें, हा नियम कोणीं ठरविला नव्हता. तो आपोआप पडला, आणि म्हणूनच सलूं लागला.

पूर्वीं पहिलटकरीण माहेरीं जात असे. पहिले दोन-तीन महिने आई, आजी व सुईण यांच्या हातीं पार पडत. पतिराज बारशाला पाहुण्यासारखे येत. जागरणाचा वाद पति-पत्नींत उद्भवण्यास जागाच नसे. आतां दोन खोल्यांत आईही नाहीं, आजीही नाहीं. कायद्याची नजरही मातेकडेच आहे. 2017 च्या दुरुस्तीनें तिची प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठीं 12 वरून 26 आठवड्यांवर नेली. पित्याविषयीं तींत एक अक्षर नाहीं.

आम्ही रात्र वांटून घेतली. एक वाजेपर्यंत पतीनें उठावें, पुढें पत्नीनें. दूध आईनेंच पाजावयाचें; परंतु ढेंकर काढणें, दुपटें बदलणें, खांद्यावर घेऊन फिरविणें पुरुषालाही साधतें. तंटे अजिबात मिटले नाहींत, पण त्यांतील विखार गेला.

"आमच्या वेळीं असें नव्हतें," असें वडील मंडळी म्हणतात. त्या वेळीं घरांत मूल घ्यावयाला किती हात होते, तेंही त्यांनीं एकदां मोजून पाहावें.