फटफटीला जवसाचं तेल!

आमच्या घरात तेलांची वाटणी अगदी ठरलेली आहे. भाजीला शेंगदाण्याचं, डोक्याला खोबरेल, शिवणाच्या मशीनला मशीनचं आणि चटणीवर घ्यायला जवसाचं. ह्या यादीत मोटारसायकल नव्हती. ती घातली मी, आणि त्यापायी जन्मात विसरणार नाही अशी एक संध्याकाळ काढली.

आम्ही राहतो मूलला, ह्यांची शाळा गडचिरोलीला. १९८२ साली गडचिरोली चंद्रपूरपासून निघून वेगळा जिल्हा झाला. पण आमच्या घरापुरते दोन्ही जिल्हे अजून एकच आहेत, ते ह्यांच्या फटफटीमुळे! सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. येऊन-जाऊन रोज ८० किलोमीटर. कुठे धानाच्या बांध्या, कुठे जंगल, आणि वाघाच्या बातम्या तर नेहमीच्याच. साडेसहा वाजले की माझे कान रस्त्याकडे लागतात.

गेल्या वर्षी श्रावणात गाडी कुईकुई करायला लागली. पावसाने चेन तांबूस पडली होती. "रविवारी बघू," हे म्हणाले. असे तीन रविवार गेले. मला काही राहवेना. फडताळात जवसाच्या तेलाची एक जुनी बाटली होती, खवट झालेली. टाकून द्यायचं जिवावर आलं होतंच. दिलं पळीभर चेनीवर ओतून. आवाज बंद! मी काय खूश! ह्यांना सांगितलंसुद्धा नाही.

पुढे तीनेक आठवड्यांनी एके दिवशी साडेसहाचे साडेसात झाले, आठ झाले. फोन लागेना. सासूबाई देवापुढे बसून राहिल्या. धाकटी दहादा विचारून शेवटी न जेवताच झोपली. सव्वानऊला दाराशी टेम्पो थांबला. मागे आडवी टाकलेली गाडी आणि पुढे हे, हात काळेकुट्ट. सावली सोडल्यावर, झाडीच्या तोंडाशी गाडी खड्ड्यात आदळली, चेन उतरली आणि मागचं चाक जागीच अडकलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. मग अंधारात, रस्त्याच्या कडेला, दीड तास.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चेन हातात घेतली. तिच्या कड्या वाकेचनात. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "काहून जी वहिनी, चेनीले फोडणी दिली का?"

मला धरणी ठाय देईना. सगळं कबूल करून टाकलं. मिस्त्री भले माणूस, रागावले नाहीत. जवसाच्या बाटलीच्या तोंडाशी चिकट पापुद्रा धरतो, तो आपण बघतोच. रंगारी लाकडाला लावतात ते आळशीचं तेल म्हणजे हेच. ते हवेने सुकून घट्ट होतं. चेनीवर ते तसंच चिकटलं, त्यात मुरमाची धूळ बसली, कड्या आखडल्या. त्यातून चेन आधीच ढिली. मग ती दातांवर टिकते कशाला?

"आणि वहिनी," ते म्हणाले, "तेल वरून ओतून काम होत नाही जी, आत गेलं पाहिजे."

तेवढ्या एका वाक्यात सगळं आलं. चेनीच्या प्रत्येक सांध्यात एक खिळी असते, ती भोवतालच्या नळीत फिरते. झीज होते ती तिथे, आपल्याला न दिसणाऱ्या जागी. मशीनचं तेल तिथवर जातं, पण पातळ असल्यामुळे चेन फिरली की उडून जातं. ग्रीस घट्ट, ते बाहेरच बसतं आणि धूळ गोळा करतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑईल फुकट मिळतं खरं, पण त्यात धातूचा चुरा आणि घाण असते. साध्या चेनीला गिअर ऑईल बरं, गॅरेजमध्ये ज्याला '९० नंबर' म्हणतात ते. डब्यातला स्प्रेही चांगला, पण महाग. काही गाड्यांच्या चेनीत रबराच्या बारीक रिंगा असतात. अशा चेनीला पेट्रोल लावू नये, तारेचा ब्रशही नको; आणि स्प्रे घ्यायचा तर तशा चेनीला चालेल असं डब्यावर लिहिलेलाच घ्यावा.

पुस्तिकेप्रमाणे दर ५०० किलोमीटरला तेल हवं. आमचे सहा दिवसांचे ४८० होतात, म्हणून शनिवार ठरला. हे घरी आले की चेन कोमट असते, तेव्हा तेल छान आत शिरतं. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि इंजिन बंद, हे सगळ्यांत आधी! चालू इंजिनावर चेन पुसताना बोट गेलं तर परत येत नाही. पदर खोचलेला, बांगड्या वर सारलेल्या. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल चिंधीला लावून चेन पुसायची; अर्थात चुलीपासून, शेगडीपासून लांब. मग चाक हाताने उलटं फिरवत, चेनीच्या आतल्या बाजूने, कडीकडीला एकेक थेंब. चेन फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून घातलेलं सांध्यातून जातं. टायरवर आणि ब्रेकवर मात्र थेंबही पडू द्यायचा नाही. सकाळी वरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. खालच्या बाजूला मधोमध चेन वर-खाली हलवून बघायची. आमची दोन ते तीन सेंटिमीटर हलते तेवढी बरी. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत सापडेल.

त्या रात्री मी ह्यांना जवसाचं सांगितलं तेव्हा हे थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "तू निदान काहीतरी घातलंस. मी तर तीन रविवार नुसता आवाज ऐकत होतो." आता शनिवारी हे चाक फिरवतात आणि थेंब मी टाकते.

साडेसहाला कान अजूनही रस्त्याकडे लागतातच. चेनीला तेल लावून काही वाट पाहणं संपत नाही. पण आता उशीर झाला तर तो माझ्या पळीने झालेला नसेल, एवढं समाधान पुष्कळ आहे.