जाणणे आणि जेवणे

भाषांतर आणि संपादन हाच माझा व्यवसाय असल्यामुळे इंग्रजी क्रियापदांशी माझी रोज गाठ पडते. त्यांतील एका लहानशा वर्गाविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

‘ईट’, ‘राइट’, ‘रन’ ही क्रिया दाखविणारी क्रियापदे. ती चालू वर्तमानकाळात खुशाल वापरावीत. परंतु ‘नो’, ‘वॉन्ट’, ‘बिलाँग’ ही क्रिया सांगत नाहीत, स्थिती सांगतात. जाणणे हे जेवण्यासारखे हात धुऊन आटोपण्याचे काम नव्हे. म्हणून ‘आय नो’ बरोबर आणि ‘आय ॲम नोइंग’ चूक. आपल्या मनात ‘मला ठाऊक आहे’ हे वाक्य असते. त्यातले ‘आहे’ इंग्रजीत उतरताना ‘ॲम’ होऊन बसते. हिंदी भाषकाच्या ‘मालूम है’ची गतही तीच. काही क्रियापदे मात्र दोन्ही घरची पाहुणी आहेत. ‘आय हॅव अ ब्रदर’ ही स्थिती, तर ‘आय ॲम हॅविंग टी’ ही क्रिया. ‘आय थिंक’ म्हणजे माझे मत आहे. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे विचार अजून चालू आहे.

हा नियम मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलो. मी वसतिगृहात राहत असे. माझ्या इंग्रजीला वळण लागावे म्हणून वडील मला इंग्रजीत पत्रे लिहीत. एका पत्रात वाक्य होते, ‘युवर मदर इज वॉन्टिंग टु सी यू.’ मी तांबड्या पेन्सिलीने ‘इज वॉन्टिंग’ खोडले, वर ‘वॉन्ट्स’ लिहिले आणि पत्र उलट टपाली परत धाडले. मोठी मर्दुमकी गाजविल्यासारखे वाटले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा कळले की, आई तापाने ३ आठवडे अंथरुणाला खिळून होती. वडील काहीच बोलले नाहीत. पुढची पत्रे मात्र मराठीत आली.

माझी दुरुस्ती व्याकरणदृष्ट्या बरोबर होती. आईची इच्छा ही क्रिया नव्हतीच. मी घर सोडले त्या दिवसापासूनची ती स्थिती होती. नियम मला पाठ होता. त्याचा अर्थ तेवढा उमगला नव्हता.

आजही हस्तलिखितात असे वाक्य आढळले की मी ते सुधारतो. परंतु पेन्सिल उचलण्यापूर्वी लिहिणाऱ्याला काय सांगावयाचे आहे, ते एकदा शांतपणे वाचून घेतो. मुलांच्या वह्या तपासताना आपणही हाच क्रम ठेवावा, एवढीच विनंती.