रविवारचं पातेलं

आज राजकारण नाही. म्हणजे आहे, पण पातेल्यातलं.

लहानपणी आमच्याकडे रविवारी मोठ्याचं शिजायचं. मांस चिवट, म्हणून आई दुपारीच चूल पेटवायची. मंद आचेवर दोन-तीन तास. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, वरून येसूर. तेवढ्या पैशांत बोकडाचं चौघांना पुरलं नसतं, इथे दहा जण भाकरी चुरून जेवायचे. वास गल्लीभर जायचा. कुणाला काही वाटायचं नाही.

राज्यात गोहत्याबंदी आधीपासून होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस नाही. २०१६ मध्ये हायकोर्टाने बाहेरच्या राज्यातलं मांस घरात ठेवणं गुन्हा ठरवणारं कलमही रद्द केलं. या बातम्या मीच लिहिल्यात.

तरी परवा ताईकडे जेवायला गेलो, तर तिनं आधी खिडकी लावली, मग कुकर उघडला. म्हशीचंच होतं.

"अगं ताई, कायद्यानं चालतं हे."

"तुला ठाऊक. खालच्या पोरांना ठाऊक आहे का?"

भाचा म्हणाला, "मामा, शाळेत विचारलं काय खाल्लं, तर काय सांगू?"

मी म्हणालो, "मटण सांग."

वीस वर्षं पत्रकारिता करतोय मी.