आत जा, पण पावतीपुस्तक सोडू नका

भारत जोडो यात्रा महाराष्ट्रातून गेली, तेव्हापासून राष्ट्र सेवा दलातली तरुण मुलं भेटली की विचारतात, "काका, काँग्रेसमध्ये जाऊन काम करायचं की बाहेर राहून?" मी विशीत होतो तेव्हा आमच्या समाजवादी पक्षाने अशाच प्रश्नाचं एक उत्तर दिलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते मी कणकवलीच्या आसपासच्या गावांत पाहिलं आहे.

राजापूर हा तेव्हा आमचा लोकसभा मतदारसंघ. खासदार आधी बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्या निधनानंतर १९७१पासून प्रा. मधु दंडवते. त्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी झोपडी. १९७७च्या निवडणुकीत दंडवते आणीबाणीचा तुरुंगवास सोसून आले होते. आम्ही पोरं सायकलवरून वाड्या-वाड्यांत फिरायचो, रात्री कुणाच्या तरी खळ्यात पेट्रोमॅक्स लावून सभा. जनता पक्षाचे उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या निशाणीवर उभे होते. एका म्हातारीने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला विचारलं, "झिला, आमची झोपडी खंय गेली?" निशाणी बदलली, माणसं तीच आहेत, असं मी तिला सांगितलं. तिने मत दिलं. दंडवते निवडून आले, रेल्वेमंत्री झाले.

१ मे १९७७ला जनता पक्ष रीतसर स्थापन झाला आणि आमचा समाजवादी पक्ष त्यात विसर्जित झाला. हुकूमशाही नुकतीच मतपेटीतून हरवली होती. एकजुटीची ओढ खरी होती आणि ती चांगल्या माणसांची होती. पण तालुक्याला याचा अर्थ काय झाला? कार्यालयाची पाटी उतरली. सभासदांची पावतीपुस्तकं जमा झाली. दर महिन्याचं अभ्यासमंडळ थांबलं, कारण ते कोणत्या पक्षाचं म्हणून भरवायचं हेच ठरेना. नव्या समितीत प्रत्येक जुन्या घटकाला वाटणीप्रमाणे जागा मिळाल्या. कुळांच्या जमिनीच्या प्रश्नावर तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ, असं मी सुचवलं तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "सरकार आपलंच आहे, मग मोर्चा कशाला?" त्या वाक्यावर कुणी बोललं नाही. मोर्चा निघाला नाही.

त्याच समितीत पूर्वीच्या जनसंघातले लोकही होते. त्यांचाही पक्ष कागदोपत्री विसर्जित झालेला, पण संध्याकाळी मैदानावर त्यांची संघाची शाखा नेहमीसारखी भरत होती. एकाच वेळी जनता पक्षात आणि संघात असण्याचा, म्हणजे दुहेरी सदस्यत्वाचा वाद मधु लिमये यांनी लावून धरला, तो मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. १९७९मध्ये मोरारजींचं सरकार पडलं. एप्रिल १९८०मध्ये जनसंघवाले बाहेर पडले आणि भारतीय जनता पक्ष म्हणून सगळे एकत्र उभे राहिले. आमच्यातले काही चरणसिंगांकडे, काही जनता पक्षातच, काही घरी. परतायला आमचा पक्षच उरला नव्हता.

आधीच्या पिढीने हे असं केलं नव्हतं. नाशिकच्या तुरुंगातल्या चर्चांतून १९३४मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, एसेम जोशी, नानासाहेब गोरे हे सगळे काँग्रेसमध्येच होते. पण स्वतःचे सभासद, स्वतःची अधिवेशनं, स्वतःचा कार्यक्रम घेऊन. १९४८मध्ये काँग्रेसने पक्षांतर्गत पक्षाला दार बंद केलं आणि हे समाजवादी नाशिकमध्येच भरलेल्या आपल्या अधिवेशनात बाहेर पडले, ते पक्ष म्हणून. बाहेर पडणंही स्वस्त नव्हतं. आचार्य नरेंद्र देवांनी नीतीला धरून विधानसभेचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत ते हरले.

आत गेल्याने काहीच मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती दंडवत्यांमुळे. व्ही. पी. सिंगांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते म्हणून १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं. मुंबईत राबणाऱ्या आमच्या चाकरमान्याला ही गाडी किती मोलाची, हे कोकणाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सत्तेबाहेर राहून ही रेल्वे आली नसती.

पण दंडवते १९८०मध्ये आणि इंदिराजींच्या हत्येनंतरच्या १९८४च्या लाटेतही निवडून आले, ते पक्षाच्या जोरावर नव्हे. नाथ पैंच्या काळापासून गावोगाव जोडलेल्या माणसांच्या जोरावर आले. १९९१मध्ये ते हरले, तोवर ती माणसं थकली होती, आणि नवी घडवणारी अभ्यासमंडळं आम्ही १९७७मध्येच मोडली होती. राष्ट्र सेवा दल आणि 'साधना' साप्ताहिक मात्र टिकलं. दोन्ही पक्षाबाहेर होती, म्हणून विसर्जनातून वाचली.

तेव्हा मुलांनो, काँग्रेसमध्ये जायचं तर जा. आजची वेळ तशी आहे, मी अडवणार नाही. मात्र कोणत्या मागण्यांसाठी जाताय ते आधी लिहून काढा आणि गावच्या सभेत वाचून दाखवा. आपली वर्गणी, आपली शिबिरं, आपलं अभ्यासमंडळ चालू ठेवा. आणि आत गेल्यावर कुणी म्हणालं, सरकार आपलंच आहे, मोर्चा कशाला, तर त्याच आठवड्यात मोर्चा काढा.