बिऱ्हाड बदललेल्या भिंती

आयफेल टॉवर, लूव्र, बोटीतली सैर हे सगळं आमचं आधीच्या फेरीत उरकलं होतं. या वेळी पुण्याहून आई आली होती. तिच्या गुडघ्यांना झेपेल असं काही पाहावं, म्हणून पॅरिसला पोचल्यावर मारे भागातलं कार्नावाले संग्रहालय गाठलं. कायमच्या दालनांना तिकीट नाही म्हटल्यावर आई तिथेच निम्मी खूश!

ही वास्तू शहराने १८६६ साली विकत घेतली. बॅरन ओस्मानने रुंद रस्त्यांसाठी जुनी घरं पाडण्याचा सपाटा लावला होता, तो हाच काळ. पाडलेल्या कितीतरी घरांच्या कोरीव लाकडी भिंती इथे आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत.

आता भिंती कशा आणायच्या? तर दगडी भिंतीची थंडी लागू नये म्हणून तिला आतून ओकच्या लाकडाचं अस्तर असे. फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली, म्हणजे लाकूड फुगलं-आक्रसलं तरी तडकत नाही. त्यामुळेच ती सोडवून नेताही येते. नक्षीवर खडू आणि सरसाचे थरावर थर चढवायचे, त्यात ती बुजली की पुन्हा कोरायची आणि मग सोन्याचा वर्ख. एकच पान दोनदा कोरायचं! आमच्याने एकदाही होणार नाही.

उझेस घराण्याच्या वाड्यातला दिवाणखाना वास्तुकार लदू याचा, १७६७ च्या सुमाराचा. पांढऱ्यावर सोनेरी काम, झाडांना टांगलेली वाद्ये. त्याचंच १७६२ चं लष्करी अधिकाऱ्यांचं कॉफीगृहही शेजारी आहे. तिथले भाले आणि शिरस्त्राणं मुलांना जास्त आवडली. अशा काही खोल्या थेट अमेरिकेला गेल्या. व्हारांजव्हिल वाड्यातली एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

आई मात्र बाकावर गप्प बसून होती. मग हळूच म्हणाली, "अरे, आपल्या वाड्याची महिरप कुणी नेली असेल रे?"

आम्हाला काही बोलता येईना. सदाशिव पेठेतला वाडा पाडायला दिला, तेव्हा कागदांवर सह्या करून आम्हीच लंडनहून पाठवल्या होत्या. सागवानी खांब, तुळया सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेलं. साधा एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही.

रात्री हॉटेलात आईने नातीच्या वहीत महिरप काढायला घेतली. पाकळ्या सात, असं आम्ही म्हणालो. ती म्हणाली नऊ. शेवटी पुण्याला काकांना फोन लावला. त्यांनाही आठवेना.