मधल्या मापाचं मशीन

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि दुपारभरात आमच्या दापोली तालुक्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. वारा उतरल्यावर मागीलदारी गेलो, तर विहिरीकडे जायची पाणंदच दिसेना. कलमं मुळांसकट उपटलेली, पोफळी मधोमध मोडलेल्या, आणि आजोबांच्या हातचा रायवळ आंबा मांगरावर कोसळलेला. घरात एक कुऱ्हाड, दोन कोयते आणि दोघांनी ओढायची जुनी करवत. टाळेबंदीमुळे गडीही मिळेनात. त्या आठवड्यात मी भेटेल त्याला एकच विचारत होतो, "कापायचं मशीन कुठं मिळेल?"

मिळालं ते घेतलं. 22 इंची बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी), अंगावर ठळक अक्षरात 58 सीसी, आणि किंमत नावाजलेल्या मशीनच्या जेमतेम तिसरा हिस्सा. समोर तीन फुटी खोड आडवं पडलेलं असताना माणूस मोठ्यात मोठ्या यंत्राकडेच हात नेतो. मीही तेच केलं. पाणंद मोकळी झाली, मांगरावरचा आंबा उतरला. तेवढं काम त्या मशीननं केलं, हे मान्य करायलाच हवं.

पुढच्या उन्हाळ्यात आगोटीची फाटी करायला बसलो तेव्हा त्याचे दोष दिसायला लागले. आमच्याकडे आजही न्हाणीतलं पाणी लाकडावर तापतं, भात उकडायचा तोही चुलाणावर. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी मेअखेर पडवीत रचलेली लागते. म्हणजे रोज तीन-चार तास, सलग आठ-दहा दिवस, दीड-दीड फुटाचे तुकडे पाडत राहायचं. या कामात मशीन दर मिनिटाला उचललं जातं, सरकवलं जातं, टेकवलं जातं. एवढा बार आणि भरलेली टाकी धरून आठ किलोच्या आसपास जाणारं ते धूड दुपारपर्यंत मनगटात उतरायचं. हात थकला की बार तिरका जातो, तिरका गेला की लाकडात अडकतो, आणि अडकलेलं मशीन सोडवताना माणूस नको तिथं उभा राहतो.

माझ्याबाबतीत तेच झालं. काजूच्या फांद्यांच्या ढिगात एक ओंडका कापत होतो. ओंडका दहा इंची, बार 22 इंची. पलीकडे बाहेर आलेलं टोक मला दिसत नव्हतं. ते ढिगातल्या दुसऱ्या फांदीला लागलं. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की साखळी लाकडात शिरत नाही, उलट अख्खं मशीन कापणाऱ्याच्या तोंडाकडे भिरकावते. इतक्या वेगानं, की डोळे मिटायलाही सवड मिळत नाही. डावं मनगट पुढच्या ब्रेकवर आपटलं आणि साखळी जागच्या जागी थांबली. नुसतं मनगट सुजलं. त्या दिवशी पुढचं काम केलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्याचा कार्ब्युरेटर गेला आणि सुटा भाग चिपळूणपासून महाडपर्यंत कुठं मिळाला नाही. तेव्हा सोबत आलेलं माहितीपत्रक प्रथमच नीट वाचलं. सिलिंडरचा व्यास 45.2 मिमी, दट्ट्याचा फेरा 34 मिमी. गुणाकार करून पाहिला तर हिशेब 54.6 सीसीवर थांबला. वर छापलेले 58 आले कुठून, याचं उत्तर दुकानदाराकडेही नव्हतं. तेव्हापासून मशीनच्या अंगावरचा आकडा मी मोजून घेतो. व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले 3.14, गुणिले फेरा, सगळं सेंटिमीटरमध्ये. शाळेतलं गणित आहे, दोन मिनिटांत होतं.

नवं घेण्याआधी एक काम केलं, ते आधीच करायला हवं होतं. पडवीतल्या रचलेल्या फाट्यांपाशी टेप घेऊन बसलो आणि ओंडके मोजले. ऐन, किंजळ, काजू, बांधावरचा ऑस्ट्रेलियन अकेशिया. बहुतेक सगळे सहा ते बारा इंचांच्या आत. चौदा इंचांपुढचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे वादळातला तो तीन फुटी आंबा डोळ्यांसमोर ठेवून मी वर्षभराच्या कामाचं मशीन निवडलं होतं. तसं खोड दहा वर्षांत एकदा कापायचं, त्यासाठी एक दिवस मोठ्या मशीनवाला गडी बोलवावा. रोजचं मशीन रोजच्या लाकडाच्या मापाचं असावं.

मग लहानच का नाही? शेजारच्या वाडीतलं 30 सीसीचं मशीन आठवडाभर वापरून पाहिलं. हलकं, सुटसुटीत, फांद्या छाटायला सुरेख. पण वाळलेल्या ऐनाचा बुंधा लागला की ते धापा टाकायचं. मी जोर लावायचो, साखळी मंदावायची, क्लच तापायचा. ऐन आणि खैर ही लाकडं हिरवी असतानाच कापावीत; एकदा वाळली की दगड होतात. आमच्या मिश्र लाकडाला 45 सीसीच्या आसपासचं मशीन आणि 16 इंची बार ही जोडी बसली. ताकद तीन अश्वशक्तीच्या जवळपास, वजन बारसकट आणि टाकी भरून सहा-साडेसहा किलो. 18 इंची बारही त्याला चालतो. पण बार जितका आखूड, तितकं टोक नजरेत राहतं, धारेला दात कमी, आणि तीच ताकद कमी दातांत वाटली जाते. एखादा वीस इंची ओंडका आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो.

सीसी आणि इंच यांच्या चर्चेत सगळे ज्या भागाला विसरतात, तो भाग म्हणजे साखळी. आम्ही तिला चेनच म्हणतो. माझं मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "भाऊ, इंजिन काय बघताव, चेन दाखवा आधी." मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

या चेनची एक हकिकत मला फार जवळची वाटते. जुन्या चेनचे दात हातकरवतीसारखे असत. लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथट होत. 1946 साली अमेरिकेच्या ओरेगन भागात जोसेफ ब्युफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जळाऊ लाकडं फोडत होता. एका खुंटात त्याला बोटाएवढी अळी दिसली. ती घट्ट लाकूड रेषेत आणि रेषेला आडवी, दोन्हीकडे सहज पोखरत होती. त्यानं पाहिलं की तिचे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालतात. त्या जबड्यांच्या बाकावरून त्यानं एक डावा, एक उजवा असे वळलेले दात असलेली चेन बनवली आणि 1947 मध्ये विकायला काढली. आज माझ्या मशीनवर फिरते ती चेन त्याच घडणीची आहे.

ती अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली. आमच्या आंब्याला लागतो तो भिरूड याच कुळातला. खोडावर भुशाची पुटकुळी दिसली की आम्ही तार घालून त्याला ओढून काढतो, भोक बुजवतो, तरी कधी कधी झाड हातचं जातं. भिरडानं मारलेलं कलम गेल्या वर्षी कापलं तेव्हा खोडाच्या आत त्याची भुयारं होती. गुळगुळीत कडेची, बोट जाईल एवढी. त्यांच्या शेजारीच माझ्या चेनची कापणी होती. दोन्हींवरून बोट फिरवून पाहिलं. भुयाराची कड जास्त गुळगुळीत होती.

चेनला धार असेल तर मशीन स्वतःच्या वजनानं लाकडात उतरतं आणि चपट्या ढलप्या उडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं, गोल कानस काढायची. माझ्या 0.325 पिचच्या चेनला 4.8 मिमीची कानस लागते, 30 अंशांत धरायची, आतून बाहेर एकाच दिशेनं. प्रत्येक दाताला तेवढ्याच ओढी. एका बाजूचे दात आखूड राहिले तर कापणी चंद्रकोरीसारखी वळते. दातापुढे एक बुटका खुंट असतो. दात किती खोल शिरायचा ते तो ठरवतो. दात झिजत जातो तसा तोही चपट्या कानशीनं उतरवावा लागतो, साधारण 0.65 मिमीचा फरक ठेवून. तो जास्त उतरवला तर मशीन हिसके देतं. हे सगळं एका पेट्रोलच्या टाकीमागे एकदा करावं. पाच-सात मिनिटं जातात.

आणि आमच्या भागात चेनचा खरा शत्रू जांभा आहे. ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापला आणि टोक क्षणभर दगडाला किंवा लाल मातीला लागलं, की सगळे दात एकदम गेले. इंजिनाच्या मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना ती चेन ताशी 70 किलोमीटरच्या आसपास धावत असते. म्हणून मी लाकडाची घोडी केली आहे, आणि पडलेल्या झाडाची चिखल लागलेली साल आधी कोयत्यानं सोलतो. बांधावरच्या झाडात जुन्या कुंपणाची तार गिळलेली असते, तीही पाहतो.

पेट्रोल-ऑइलचं थोडक्यात सांगतो. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल लिटरला 20 मिली, मोजून. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मेअखेर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच माळ्यावर ठेवायचं. बारला गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घालू नका; त्यातला धातूचा कीस बार खातो, आणि ते ऑइल शेवटी आपल्याच विहिरीच्या वाटेनं मातीत जातं.

मशीन हातात आलं म्हणून झाडं कापायचा परवाना मिळाला असं नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर ही 1964 च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यातली झाडं आहेत. आपल्या जमिनीतली असली तरी आधी परवानगी लागते. मी फाट्यांसाठी उभं झाड क्वचितच पाडतो. मोडलेलं, वाळलेलं, अकेशियाचं आणि छाटणीतलं एवढ्यावर आमचं न्हाणीघर चालतं.

पुढच्या आगोटीआधी कोणी मशीन घेणार असाल तर माझं एवढं ऐका. पडवीतले वीस ओंडके मोजा आणि तो कागद खिशात घालून दुकानात जा. मशीन टाकी भरून हातात मागा आणि पाच मिनिटं धरून उभे राहा. पुढचा ब्रेक लावून-सोडून पाहा. जादा चेन, प्लग आणि कार्ब्युरेटरचा पडदा त्याच दुकानात आज शिल्लक आहे का, ते विचारा. नसेल तर दुसरं दुकान बघा.