राज्यमाशास पत्र

प्रिय पापलेटा,

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने तुला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, त्याबद्दल उशिरा का होईना, अभिनंदन. शेकरू, हरियाल, ताम्हण यांच्या पंगतीत तू जाऊन बसलास. फरक एवढाच, की त्यांना कोणी आलं-लसूण चोळत नाही. राज्यवृक्ष आंब्याचं फळ आम्ही खातो खरं, पण झाड राखून. तुझ्या बाबतीत झाडच तव्यावर जातं, आणि हल्ली तर रोपटंच.

जून-जुलैची मासेमारीबंदी उठली की ऑगस्टात बाजारात तुझी पिल्लं वाट्यावर विकायला येतात. माशांनी निवांत अंडी घालावीत, पिल्लं वाढावीत म्हणून बंदी. आणि ती उठताच वाढीला लागलेली तीच पिल्लं बारीक आसाच्या जाळ्यांत सापडतात. याविरुद्ध कोण ओरडतं, तर पालघरकडच्या सातपाटीचे कोळी. तुझ्यावर ज्यांची घरं उभी राहिली, तेच वर्षानुवर्षं सांगताहेत की लहान पापलेट पकडू नका.

तुला मान मिळाला त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवला. तुझा १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण बॉलपेनाएवढा. नियम चांगला आहे. पण पहाटेच्या लिलावात, बर्फाच्या आणि माणसांच्या गर्दीत, फूटपट्टी घेऊन किती जण उभे राहणार? लहान मासा विकला जातो, कारण तो घेणारे आहेत.

घेणारे म्हणजे आम्हीच. हॉटेलच्या थाळीने आम्हाला एक खोड लावली: ताटात अख्खा पापलेट हवा, आणि शेपटी ताटाबाहेर जाता कामा नये. मग घरीही पाहुणे आले की तुकड्या नकोत, माणशी एक अख्खा. मोठा परवडत नाही, म्हणून लहान सहा. महिनाअखेरीला ज्याला तो स्वस्त वाटाच परवडतो, त्याला मी काही शिकवणार नाही. माझं भांडण आहे ते थाटासाठी पिल्लं घेणाऱ्यांशी.

आमच्या घरात आता साधा नियम आहे. कायद्याचं पेन कायद्यापाशी. वीतभर नसेल तर घ्यायचा नाही, आणि घ्यायचा तो एकच, तुकड्या करून. तरी पेच उरतोच. मोठ्याच्या पोटात कधी गाभोळी निघते आणि ती कोणाच्या ताटात जाणार यावरून आमच्याकडे तंटा होतो. म्हणजे पिल्लू वाचवलं म्हणून पाठ थोपटून घ्यावी, तर इथे आईच अंड्यांसकट कढईत. यावर माझ्याकडे उत्तर नाही. फार तर तुला सणावारापुरता ठेवावा.

बाकीच्या दिवसांना बांगडा आहे, तारली आहे, मांदेली आहे. बांगडा-तारली झपाट्याने वाढतात, थव्याने सापडतात. तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं ज्याने चापलं आहे, त्याला ही तडजोड वाटणार नाही. कुरकुरीत मांदेलीपुढे तर, राग मानू नकोस, तू जरा मिळमिळीतच. पण काटे कमी म्हणून पोरांना पहिला घास तुझाच भरवतो आम्ही, आणि मग तीच पोरं मोठी होऊन बांगड्याला नाक मुरडतात. काटे काढायला शिकवणं हे काय शाळेचं काम आहे? पूर्वी तर ताज्या माशाशिवायही भागायचं: पावसाळ्यात कोकणातल्या घरांत सुके बोंबील, सोडे, खारे बांगडे निघायचे. समुद्राला सुट्टी द्यायची, असं कोणी मुद्दाम म्हणत नसे. खवळलेल्या पाण्यात होड्या जातच नसत.

कोळीणमावशीला मी ‘लहान आणूच नका’ असं सांगत नाही. लिलावात जे येतं त्यातलंच ती उचलते, आणि उचललेलं विकलं गेलं नाही तर नुकसान तिचं. पण चार घरांनी तो वाटा सोडून बांगडा मागितला, की पुढच्या खेपेला पिल्लांवर बोली लावताना ती हात आखडता घेईल. हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो.

श्रावण, गणपती आटपले की भेटू. मोठा होऊन ये.

तुझी,
एक गिऱ्हाईक